हाताला लागलेला चेंडू आणि पाऊण गोलाची शिक्षा

सावंतवाडीकर : १५ जुलै २०१८ रोजी फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना रंगात आला असताना आमच्याकडे पावसाने वीज गेली. ती परत आली तेव्हा क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागल्याचे पंच पिताना यांनी पडद्यावर पाहून फ्रान्सला पेनल्टी (फक्त गोलरक्षक समोर असताना जवळून मारायची किक) दिलेली होती आणि ग्रीझमनने त्यावर गोलही केला होता. कॉर्नरवरून (मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवरून) आलेला तो चेंडू चुकवायला पेरिसिचला क्षणभरही अवधी नव्हता, हे माझे मत आजही कायम आहे. त्याच वेळी विश्वचषकात व्हीएआर (चित्रफीत पाहून पंचांना मदत करणारी व्यवस्था) प्रथम आले आणि पेनल्टींची संख्या २०१४ मधील १३ वरून २९ वर गेली. त्यांपैकी २२ वेळा, म्हणजे चारांत सुमारे तीनदा, गोल झाला. गोल होण्याची शक्यता जिथे फारशी नव्हती, तिथे पाऊण गोल देऊन टाकणे ही शिक्षा चुकीपेक्षा फार मोठी आहे.

वेंगुर्ल्याचा गोलरक्षक : संख्या वाढली म्हणून अन्याय वाढला, हे गणित मला पटत नाही. कॉर्नरच्या वेळी जर्सी धरून ओढणे पूर्वीही चालतच होते, फक्त पंचांना दिसत नव्हते. (आमच्या मैदानावर पंच एकच असतो आणि तोही चिखलात दहा पावले मागे.) २०२२ च्या विश्वचषकातही व्हीएआर होते, सामनेही तेवढेच ६४ होते, तरी पेनल्टी २३ वर आल्या. बचावपटू आता हात पाठीमागे बांधून उभे राहतात, ते उगाच नव्हे.

सावंतवाडीकर : हात पाठीमागे बांधून तोल कसा सांभाळायचा, हेही एकदा सांगा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात विक्रमी १२५ पेनल्टी दिल्या गेल्या आणि १०२ गोल झाले. त्यानंतर २०२१ मध्ये, हाताला झालेला प्रत्येक स्पर्श हा गुन्हा नव्हे, असा खुलासा नियमकर्त्यांनाच करावा लागला.

देवगडकर : गोलरक्षकाची बाजू कोणीच मांडत नाही. २०१९ पासून किक मारली जाताना त्याचे दोन्ही पाय पूर्णपणे गोलरेषेपुढे गेलेले चालत नाहीत. त्याच वर्षी महिलांच्या विश्वचषकात अर्जेंटिनाची पेनल्टी स्कॉटलंडच्या ली अलेक्झांडरने अडवली होती; परंतु अलेक्झांडर रेषेपुढे आली असे ठरवून किक पुन्हा घ्यायला लावली गेली, गोल झाला, आणि ३-० ने पुढे असलेला स्कॉटलंडचा संघ ३-३ अशा बरोबरीमुळे स्पर्धेबाहेर गेला.

वेंगुर्ल्याचा गोलरक्षक : या एका मुद्द्यावर मी देवगडकरांच्या बाजूने आहे.

सावंतवाडीकर : मग अनवधानाने हाताला लागलेल्या चेंडूसाठी पेनल्टीऐवजी अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) का देऊ नये?

वेंगुर्ल्याचा गोलरक्षक : कारण गोलाच्या अगदी जवळ ती दिली, तर अख्खा संघ दोन खांबांमध्ये रेषेवर उभा राहतो आणि नियमात ते बसते. शिवाय ‘अनवधान’ कोणते हे ठरवायला पंचांना पुन्हा त्याच पडद्याकडे जावे लागेल.