कमोडच्या लायनीला गच्चीपर्यंत हवेचा पाइप लागतोच का? (इंदूर)

रामबागवाला:
नमस्कार मंडळी. रामबागेतलं आजोबांच्या वेळचं घर, खाली-वर. वरचा देशी संडास फोडून कमोड बसवतोय, आईच्या गुडघ्यांनी आता साफ नकार दिलाय. भिंत उघडी आहे, टाइल्स जिन्यात रचून ठेवल्यात, सोमवारी लावायला घेणार. उभी लाइन जुनी, बिडाची, मागच्या भिंतीला. नवा कमोड तिच्यापासून ९ फूट लांब येतोय.
भानगड अशी की वर बादली ओतली की खालच्या न्हाणीची जाळी गुडगुडते आणि थोड्या वेळात वास सुटतो. हे आधीपासूनच आहे, पण आता भिंत उघडीच आहे तर कायमचं निस्तरावं म्हणतो. मी हवेचा पाइप काढायला सांगितला तर मिस्त्री म्हणे, "भिया, चार इंच का पाइप है, इसको हवा की क्या जरूरत!" त्याचं ऐकू का? आणि तो हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मिळतो, तो लावला तर चालेल?

जुना_ओव्हरसियर:
मिस्त्री अर्धा बरोबर आहे. आडव्या ११० मिमी पाइपात ६ लिटरचा फ्लश पाइप भरून वाहत नाही, वरून हवेला वाट राहते. खरी गंमत उभ्या पाइपात. तिथे पाणी खाली येताना पुढची हवा ढकलतं आणि मागची ओढतं. ती मागची हवा गच्चीवरून मिळायला हवी. नाही मिळाली की जवळच्या ट्रॅपमधून, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागातून, ओढली जाते आणि ट्रॅपमधलं पाणीही तिच्याबरोबर जातं. कमोडचं भागतं, कारण फ्लशनंतर टाकी त्याला पुन्हा भरून देते. न्हाणीच्या ट्रॅपला कोण भरणार? म्हणून तुमच्याकडे वास न्हाणीतून येतोय.
एक विचारतो. तशा जुन्या घरांत न्हाणीचं पाणी वेगळं, घराबाहेरच्या गली ट्रॅपमध्ये (सांडपाण्याच्या जाळीच्या कुंडीत) जायचं. मधे कोणी ते मैल्याच्या लायनीत जोडलं का? आणि आधी गच्चीवर जाऊन बिडाचा पाइप वर निघालाय का ते बघा. काही खरेदी करायच्या आधी.

सुदामानगरची_ताई:
व्हॉल्व्हबद्दल माझं ऐका. आमच्याकडे तो टाइलच्या मागे गाडून टाकला होता. आतलं रबर अडकलं, मग वास कुठून येतो ते शोधण्यातच दोन महिने गेले. शेवटी नव्या कोऱ्या टाइल्स फोडल्या. लावायचाच तर हात पोचेल अशा जागी लावा.

जुना_ओव्हरसियर:
ताई म्हणतात ते खरंच. शिवाय तो व्हॉल्व्ह हवा फक्त आत घेतो, खाली दाबली गेलेली हवा बाहेर सोडत नाही. मुख्य उभी लाइन वरून उघडी असेल तर एखाद्या लांबच्या फांदीला, म्हणजे तिला येऊन मिळणाऱ्या आडव्या पाइपाला, तो ठीक. लायनीच्या डोक्यावर एकटा नको.

रामबागवाला:
काका, पाय धरतो तुमचे. गच्चीवर गेलो. सोलर हीटरच्या ओट्याच्या कडेला बिडाच्या पाइपाचं तोंड निघालं, कापलेलं, आणि त्यावर टाइलचा तुकडा ठेवून वरून सिमेंट. वॉटरप्रूफिंग करून गेले त्यांचं काम दिसतंय. छिन्नीने तुकडा उडवला. मग भावाला वर दोन बादल्या एकदम ओतायला लावल्या आणि मी खाली न्हाणीत खराट्याची काडी धरून बसलो. पाणी थोडं हललं, पण गुडगुड नाही. न्हाणी मात्र खरंच मैल्याच्या लायनीत जोडलेली आहे, वडिलांना आठवतंय. आता ९ फुटांचं काय?

जुना_ओव्हरसियर:
मग निम्मं काम फुकटात झालं. उतार ४० ला १, म्हणजे ९ फुटांत पावणेतीन इंच. खालच्या खोलीच्या छताखालून जाणार ना? तेवढी जागा आहे का ते आधी दोरी लावून बघा. उतार मिळाला तर कमोडसाठी वेगळा हवेचा पाइप मी काढणार नाही. नऊ फूट फार नाही. पण भिंत उघडीच आहे, तर ५० मिमीचा काढून टाकलात तरी पैसे वाया जाणार नाहीत. आडव्या पाइपाच्या माथ्यावरून वर घ्या, कुशीतून घेतलात तर घाण बसून बुजेल. उभ्या लायनीला जोडायचा तो कमोडच्या काठाच्या वर, आणि आडव्या भागाला उतार कमोडच्या बाजूला, म्हणजे हवेच्या पाइपात जमलेलं पाणी परत मैल्याच्या लायनीत जाईल.
न्हाणीचा ट्रॅप मात्र बदलाच. काडी किती भिजली?

रामबागवाला:
एक इंचसुद्धा नाही.

जुना_ओव्हरसियर:
५० मिमी पाणी धरणारा घ्या. दुकानात उथळ पुढे करतात, स्केल घेऊन जा. गच्चीवर पाइप बिडाच्याच मापाने वाढवा, बारीक करू नका. शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब आणि वर न्या. वर जाळीची टोपी बसवा, नाहीतर कबुतरं घरटं करतील.

सुदामानगरची_ताई:
आणि मिस्त्रीला सांगताना "वडिलांची इच्छा आहे" म्हणून सांगा. माझ्या मिस्त्रीने माझं एकदाही ऐकलं नाही, सासऱ्यांचं नाव घेतलं की लगेच.

रामबागवाला:
ताई, सोमवारी हेच करतो. टोपी आणली, ११० ची. बिडाच्या तोंडावर ती डुलतेय, मधे कोणता जोड घालू?