महानगराचा आराखडा ठरताना शेजारच्या जिल्ह्याला विचारावे का?

चर्चाप्रस्ताव

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर शिरूर मागे टाकून घोड नदीवरचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. अलीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे आणि पलीकडे पारनेर तालुक्यात सुप्याची. दोन्ही वसाहतींचा माल याच रस्त्याने पुण्याकडे आणि पुढे बंदराकडे जातो. पुणे महानगर प्रदेशाचा विचार मात्र फार तर नदीपर्यंत पोहोचतो. पलीकडची वर्दळ त्या नकाशात केवळ बाहेरून येणारा ताण म्हणून उमटते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रादेशिक योजनेत रस्ते, लोहमार्ग, जलमार्ग आणि विमानतळ यांचा विचार होणे अपेक्षित आहे. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आणि महानगर नियोजन समिती अशा दोन व्यवस्था दिल्या. महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या लोकप्रतिनिधींमधून निवडले जातात, आणि जिल्हा समिती आपल्या जिल्ह्यापुरती पाहते. म्हणजे ज्या रस्त्याने दोन जिल्ह्यांचे नशीब बांधलेले आहे, त्या रस्त्याबद्दल दोघांनी एकत्र बसून बोलावे अशी जागा या दोन्ही समित्यांत नाही.

गुन्नार मिर्डाल या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच सांगितले होते की वाढीचे केंद्र आसपासच्या प्रदेशाला काही देते तसे त्याच्याकडून भांडवल आणि कर्ती माणसे ओढूनही घेते. जपानमध्ये १९९८ साली आकाशी सामुद्रधुनीवर पूल झाला आणि तोकुशिमाचे ग्राहक खरेदीसाठी कोबे–ओसाकाकडे जाऊ लागले. पेयाच्या नळीने पेला रिता व्हावा तशा या ओढीला तिथे नळीचीच उपमा देतात. रस्ता दोन्ही दिशांना चालतो. कोणत्या दिशेने काय वाहील हे आखणीच्या वेळी पाहिले नाही तर नंतर पाहून उपयोग नसतो.

माझा प्रस्ताव असा आहे: महानगर प्रदेशाच्या कोणत्याही योजनेला मंजुरी देण्याआधी लगतच्या जिल्ह्यांच्या वाहतुकीवर होणाऱ्या परिणामांचे विवरण प्रसिद्ध करावे, त्या जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांचे म्हणणे ऐकावे आणि त्याला लेखी उत्तर देणे बंधनकारक करावे.

पहिला प्रतिसाद: असहमत

प्रस्तावामागची तळमळ मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. आपण घोड नदी ओलांडलीत, मी नीरा ओलांडतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरेपलीकडे शिरवळ लागते. तिथे आणि खंडाळा तालुक्यात जे कारखाने आले, ते साताऱ्याला पुण्याच्या कोणत्या समितीत जागा मिळाली म्हणून आले नाहीत. महामार्ग रुंद झाला, पुण्यातली जमीन महागली आणि उद्योजकाला तासाभराच्या अंतरावर मोकळी जागा दिसली. पुण्याची वाढ हीच साताऱ्याच्या त्या कोपऱ्याची संधी ठरली.

दुसरा मुद्दा वेळेचा आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीडपर्यंत रेल्वे पोहोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. केंद्र आणि राज्य खर्चाचे भागीदार, भूसंपादन जिल्ह्यांकडे, आणि तीस वर्षे बीडच्या माणसाला गाडी दिसली नाही. जिथे आधीच इतके हात लागतात तिथे आणखी एका सुनावणीची भर घातली, तर तिची किंमत सर्वांत आधी मागास जिल्हाच मोजेल. महानगराकडे आधीचे रस्ते आहेत, ते थांबू शकते. बीड थांबू शकत नव्हते.

प्रस्तावकाचे उत्तर

बीडचे उदाहरण मला उलट दिशेने बोलताना दिसते. त्या मार्गाला विलंब झाला तो लोकांचे म्हणणे फार ऐकून घेतले म्हणून नाही. पैसा आणि जमीन यांचा प्रश्न वर्षानुवर्षे मागे पडत राहिला, कारण तो मार्ग ज्यांच्या जगण्याचा प्रश्न होता त्यांचा निर्णयाच्या टेबलावर जोर नव्हता.

शिरवळबद्दल आपण म्हणता ते खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण तिथे वाढ झाली ती महामार्गाच्या दोन्ही कडांना. त्याच सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव हे दुष्काळी तालुके त्या महामार्गावर नाहीत. जोडरस्ते कोणी आणि कोणत्या पैशातून करायचे, हा प्रश्न शिरवळच्या यशाने सुटत नाही.

आणि न विचारता आखणी केल्याचा अनुभव आपल्याच राज्यात आहे. मुंबईचा भार हलका करण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यांतल्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भूमिपुत्रांना विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळाला, पण त्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले आणि १९८४ च्या आंदोलनात उरण परिसरात माणसे गोळीबारात मेली. सुनावणीला वेळ लागतो हे खरे, पण ती न घेतल्यामुळे जे घडले त्यात गेलेला काळही मोजायला हवा.

दुसरा प्रतिसाद: दोघांशीही अंशतः असहमत

कायदा इतका आखडलेला नाही. १९६६ च्या अधिनियमाचे कलम ३ शासनाला राज्यातील कोणतेही क्षेत्र हद्दी ठरवून ‘प्रदेश’ म्हणून स्थापन करू देते. प्रदेश जिल्ह्याच्या रेषेवरच संपला पाहिजे असे त्यात नाही, आणि मुंबई महानगर प्रदेश आजही अनेक जिल्ह्यांत पसरलेला आहे. सुपे आणि रांजणगाव हा एकच वाहतूक प्रदेश असेल तर तो तसा आखता येतो. त्यासाठी सवय बदलावी लागेल, इतकेच.

मागासलेपण मोजण्याच्या आपल्या एककांतही हाच दोष आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे झाली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ‘उर्वरित’ या एका शब्दात मुंबई, पुणे, नंदुरबार आणि सिंधुदुर्ग एकत्र बसवले होते. एवढ्या मोठ्या टोपलीत पुण्याच्या दाराशी असलेल्या तालुक्याचे दुखणे कोणाच्या नजरेला येणार?

समृद्धी महामार्गाचे उदाहरण यात अधिक बोलके आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग दहा जिल्ह्यांतून जातो आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते आणि दुचाकीला मज्जाव आहे, त्यामुळे ज्या गावाला चढ-उताराची जागा जवळ नाही त्याच्या वाट्याला मुख्यतः कुंपण आले. परभणी आणि नांदेड हे तर त्या दहांत नाहीत. त्यांच्यासाठी जालना–नांदेड द्रुतगती जोडमार्ग वेगळा आखावा लागला. मूळ आखणीतच लगतच्या जिल्ह्यांचे जोडरस्ते आणि त्यांचा खर्च धरला असता, तर त्या भूसंपादनाची वाट स्वतंत्रपणे पाहावी लागली नसती. म्हणून मला सुनावणीपेक्षा अंदाजपत्रक महत्त्वाचे वाटते.

पहिल्या प्रतिसादकाचे पुन्हा म्हणणे

जोडरस्त्यांचा खर्च मूळ योजनेतच धरावा, हे मला पूर्ण मान्य आहे. विवरण प्रसिद्ध करायलाही माझी हरकत नाही. लेखी उत्तर बंधनकारक करायचे असेल तर त्याला मुदत हवी: नव्वद दिवसांत लगतच्या जिल्ह्याने म्हणणे मांडावे, पुढच्या नव्वद दिवसांत योजना आखणाऱ्या महानगर प्राधिकरणाने उत्तर द्यावे, आणि तेवढ्यात ते झाले नाही तर काम अडू नये. मुदतीशिवायच्या सुनावणीला माझा विरोध कायम आहे.

प्रस्तावक

मुदत मान्य आहे. पण उत्तर न देताही काम पुढे नेता येणार असेल, तर महानगर प्राधिकरण उत्तर कशासाठी देईल? काम अडू नये ही अट जिल्ह्याने म्हणणे मांडले नाही तर लागू असावी. प्राधिकरणाने उत्तर दिले नाही तर मंजुरी थांबलीच पाहिजे, आणि एवढ्या एका अटीवर मी मागे हटणार नाही.