टीकाकारांनी झोडपलं, वेळ बदलली, तरी आठ वर्षं टिकली. का?

चाळकरी: 'अकॉर्डिंग टू जिम' ही अमेरिकन विनोदी मालिका आठवते का कुणाला? शिकागोतला आळशी नवरा, सोशीक बायको, घरभर पोरं. नायक जिम बेलुशी. समीक्षकांनी पहिल्यापासून धुतली. एबीसी वाहिनीने बुधवारी सुरू केली, मग मंगळवारी ढकलली, पुढे तर नव्या हंगामाला थेट जानेवारीपर्यंत थांबवलं. तरी २००१ ते २००९, १८२ भाग! माझं म्हणणं सरळ आहे, लोकांना आवडली म्हणून टिकली. समीक्षकाला ८.१२ ची लोकल पकडायची नसते. लटकत घरी आलेल्या माणसाला डोक्याला ताप नको असतो.

हिशेबनीस: साहेब, आवड राहू द्या, वही उघडा. मालिका बनवणारी टचस्टोन आणि दाखवणारी एबीसी, दोन्ही डिस्नेच्याच. शंभरेक भाग साठले की तिकडे मालिका स्थानिक टीव्ही केंद्रांना पुन्हा दाखवायला विकता येते. म्हणजे या खिशातून त्या खिशात. घरच्या म्हशीचं दूध पातळ म्हणून कोण ओतून देतं? आणि वेळा बदलल्या याचं कौतुक नको. ही मालिका म्हणजे लोकलमध्ये तिघांच्या बाकावर टेकलेला, चौथ्या सीटवरचा माणूस. 'जरा सरका' म्हटलं की सरकणार, पण उठणार नाही.

साडेआठची_सून: चौथी सीट 😄 एकदम पटलं. पण आमच्या मुलुंडच्या घरी या एकदा. जुलै २००८ पासून 'तारक मेहता का उल्टा चष्मा' चालू आहे. सासूबाई भिजवलेले वाल सोलत बसतात, पडद्याकडे मान वर करून बघतही नाहीत. जेठालालने तोंड उघडलं की विनोदाच्या आधीच हसतात. २०१७ नंतर दया दिसली नाही, टप्पू बदलला, सोनू बदलली, खुद्द तारक मेहता बदलले. वाल सोलणं चालूच. मालिका मराठीत 'गोकुळधामची दुनियादारी' म्हणून आली तेव्हा मी हौसेने लावून दिली. म्हणाल्या, "भिडे मास्तर हिंदीत चुकतो तेच बरं." याला वाईट आवड म्हणायचं का?

गेट_क्रमांक_दोन: ताई, सासूबाईंना नमस्कार, पण मी आतून बघितलंय. एका हिंदी कॉमेडीत (नाव नको) दोन वर्षं सहायक होतो. सेट कायमचा उभा, दिवे टांगलेले, कलाकारांच्या तारखा बांधलेल्या. आधीच शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की सकाळी सीन लिहून यायचा आणि दुपारी शूट. सीन कमी पडला की एका विनोदावर नऊ जणांचे क्लोजअप, प्रत्येकाला वेगळं 'ढॅण'. मिनीटभर असंच निघायचं. लेखकाने एकदा बरा भाग लिहिला, तर म्हणाले, "यात नवीन लोकेशन आहे, काढ." टिकणं म्हणजे हे. आणि त्या जागेवर कुणी नवा येऊ शकत नाही, ते वेगळंच. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' बघा. कफ परेडचं घर, एकेक वाक्य घासून लिहिलेलं. २००४ ला आली, २००६ ला बंद. कारण टीआरपी!

चाळकरी: साराभाईचं नाव निघणारच होतं! आज जो तो 'क्लासिक' म्हणतो. स्टार वनवर चालू होती तेव्हा ही सगळी मंडळी कुठे होती? बघितली असती तर बंद का झाली असती?

गेट_क्रमांक_दोन: मी सातवीत होतो. रिमोट बाबांकडे होता.

हिशेबनीस: चाळकरींचा हा मुद्दा मान्य. फुकटचं प्रेम वहीत जमा होत नाही. २०१७ ला साराभाई वेबवर परतली ती या उशिरा आलेल्या प्रेमावरच. पण मग 'आवडली म्हणून टिकली' हेही सोडा. लोक चॅनल बदलत नाहीत, एवढंच तुम्ही सिद्ध केलंत.

साडेआठची_सून: बदलणार कसं? आमचा रिमोट वालाच्या पातेल्याखाली असतो.