लेगोचे सीलबंद संच गुंतवणूक म्हणून घ्यावेत का? निवड, साठवण आणि विक्रीविषयी सल्ला हवा

क्षितिजरेषा

नमस्कार. आजवर मी लेगोचे संच केवळ जोडण्यासाठी घेत आलो. उत्पादन थांबलेल्या काही संचांचे न उघडलेले खोके मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने विकले जात असल्याचे पाहिल्यापासून, बचतीतला एक लहान हिस्सा, जो पुढील पाच वर्षे मला लागणार नाही, तो यात गुंतवावा का, असा विचार करतो आहे. या विषयावर जे काही वाचायला मिळते त्यात भाव वाढलेल्या संचांचीच नावे असतात. ज्यांचे भाव जागचे हलले नाहीत त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. म्हणून ज्यांनी स्वतः संच घेऊन, सांभाळून, विकलेले आहेत अशा सदस्यांकडून जाणून घ्यायचे आहे की संच कसे निवडावेत, किती काळ धरून ठेवावेत, ते सांभाळावेत कसे आणि सर्व खर्च वजा जाता हाती नेमके काय उरते.

औदुंबर

आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण खरेदी सुरू करण्यापूर्वीच हा विचार व्हायला हवा. मी बराच काळ हा व्यवहार करतो आहे, त्यामुळे निवडीच्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो.

या विषयावर एक गंभीर अभ्यास उपलब्ध आहे. व्हिक्टोरिया डोब्रिन्स्काया आणि युलिया किशिलोवा या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील २,३२२ संचांच्या भावांचा अभ्यास केला आणि सरासरी परतावा वर्षाला सुमारे ११ टक्के, म्हणजे महागाई वजा जाता सुमारे ८ टक्के असल्याचे दाखवले. हा आकडा सगळीकडे उद्धृत केला जातो, परंतु त्याच अभ्यासातील दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. वेगवेगळ्या संचांचा परतावा वर्षाला उणे ५० टक्क्यांपासून ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. दोन हजारांहून अधिक संचांची सरासरी आपल्या कपाटातल्या दहा संचांना लागू पडेलच असे नाही. आपल्या वाट्याला त्या पसाऱ्यातला कोणता भाग येईल हे निवडीवर ठरते. भाववाढ उत्पादन थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही, तिला दोनतीन वर्षे लागतात, हेही त्या अभ्यासात स्पष्ट दिसते, आणि माझा अनुभव त्याला दुजोरा देतो. दुकानांतला उरलेला माल आणि आपल्यासारख्यांनी साठवलेला माल आधी बाजारात जिरावा लागतो.

आता निवड. एखाद्या संचाला पुढे मागणी का राहील, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नसेल तर तो संच मी घेत नाही. मॉड्युलर इमारतींचे उदाहरण घ्या. २००७ मध्ये २,०५६ ठोकळ्यांच्या ‘कॅफे कॉर्नर’पासून ही मालिका सुरू झाली आणि त्यानंतर साधारण दरवर्षी एक नवी इमारत येत राहिली. या इमारती एकमेकींना जोडून रस्ता तयार होतो. त्यामुळे जो संग्राहक सातव्या किंवा आठव्या इमारतीपाशी या छंदात येतो, त्याला मागच्या इमारतींची उणीव भासतेच. येथे प्रत्येक नवा संच जुन्या संचासाठी नवा गिऱ्हाईक निर्माण करतो. याउलट, दरवर्षी थोड्याफार फरकाने पुन्हा निघणारी पोलीस ठाणी आणि अग्निशमन गाड्या यांचे भाव फारसे वाढत नाहीत, कारण ज्या मुलाला अग्निशमन गाडी हवी असते त्याला या वर्षीची गाडीही तितकीच चालते.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे, आणि तो म्हणजे कंपनीने तोच विषय पुन्हा काढणे. ‘ताजमहाल’ हा ५,९२२ ठोकळ्यांचा संच २००८ मध्ये आला, काही वर्षांत बंद झाला आणि त्याचा भाव इतका चढला की तो या क्षेत्रातील सुरक्षित ठेव मानला जाऊ लागला. २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तोच संच नव्या क्रमांकाने पुन्हा बाजारात आणला आणि जुन्याचा भाव कोसळला. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील ‘मिलेनियम फाल्कन’ या अंतराळयानाच्या संचाचेही तसेच झाले. २००७ च्या मोठ्या आवृत्तीची मूळ किंमत ५०० डॉलर होती आणि ती हजारो डॉलरला विकली जात होती. २०१७ मध्ये ७,५४१ ठोकळ्यांची, अधिक तपशीलवार आणि अधिक सुबक आवृत्ती ८०० डॉलरला उपलब्ध झाल्यावर जुन्या आवृत्तीसाठी तेवढे पैसे मोजणारे फक्त हाडाचे संग्राहक उरले. लक्षात घ्या, एखाद्या संचाचा भाव जितका चढतो तितके तो पुन्हा काढण्याचे कंपनीला कारण मिळते. म्हणून एकाच अतिप्रसिद्ध संचात सर्व रक्कम घालू नये. जगप्रसिद्ध वास्तू आणि लोकप्रिय याने यांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे.

आकाराबद्दल थोडेसे. त्याच अभ्यासात अगदी लहान आणि अगदी मोठ्या संचांनी मधल्या आकाराच्या संचांपेक्षा सरस कामगिरी केली असे आढळते. नवख्याने लहान संचांपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते, कारण त्यांत रक्कम कमी अडकते, पाठवणी स्वस्त पडते आणि एखादी निवड चुकली तरी फार बिघडत नाही.

हिशेबवही

औदुंबर यांच्या निवडीच्या मुद्द्यांशी मी सहमत आहे, तरीही बाजारभाव आणि हाती पडणारी रक्कम यांतला फरक आकड्यांत मांडणे आवश्यक वाटते.

समजा, आपण १०० रुपयांचा संच पूर्ण किमतीला घेतला आणि चार वर्षांनी तो १५० रुपयांना विकला गेला. ऐकायला हा पन्नास टक्के नफा आहे. विक्रीच्या संकेतस्थळाचे आणि पैसे स्वीकारण्याचे शुल्क मिळून १३ रुपये, तर दुहेरी खोका, भरण आणि पाठवणी यांचे १२ रुपये धरले, तर हाती १२५ रुपये राहतात. म्हणजे वार्षिक परतावा पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. त्यात जागेचा, विम्याचा आणि आपल्या वेळेचा खर्च धरलेलाच नाही. आता तोच संच सवलतीच्या काळात ८० रुपयांना घेतला असता तर, बाकी सारे तसेच राहूनही, वार्षिक परतावा बारा टक्क्यांच्या जवळ गेला असता. भविष्यात कोणता संच किती वाढेल हे आपल्या हातात नाही, परंतु खरेदीचा भाव आपल्या हातात आहे. माझ्या मते या व्यवहारातील बहुतांश नफा खरेदीच्या दिवशीच ठरतो, आणि म्हणून छापील किमतीला घेतलेला संच ही गुंतवणूक मानू नये.

दुसरी बाब काळाची. तो अभ्यास २०१५ पर्यंतच्या संचांचा आहे. १९९० च्या दशकात कोणी फायद्यासाठी खोके साठवत नव्हते. जे न उघडलेले राहिले ते योगायोगाने राहिले आणि म्हणूनच दुर्मीळ ठरले. आज प्रौढांसाठीच्या प्रत्येक मोठ्या संचाचे असंख्य खोके केवळ पुढे विकण्यासाठी बाजूला ठेवले जातात. तेव्हाचा परतावा आज जसाच्या तसा मिळेल असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते.

तळकप्पा

निवड आणि हिशेब यांवर पुरेसे लिहून झाले आहे. मी साठवणीविषयी लिहितो, कारण पुनर्विक्रीत खोका हाही मालाचाच भाग असतो आणि दबलेल्या कोपऱ्याचा खोका उत्तम अवस्थेतील खोक्यापेक्षा बराच कमी भाव आणतो.

खोके कोरड्या, अंधाऱ्या आणि तापमानात फार चढउतार न होणाऱ्या खोलीत ठेवावेत. छताखालचा पोटमाळा उन्हाळ्यात तापतो आणि तळघरात दमट हवा पुठ्ठ्यात शिरते, दोन्ही टाळावेत. दमटपणा आला की पुठ्ठा फुगतो, सीलचा डिंक सुटतो आणि कागद खाणारी कसर लागते. मोठे खोके एकावर एक रचल्यास खालचा खोका हळूहळू बसतो, म्हणून ते पुस्तकांसारखे उभे ठेवावेत किंवा फळीवर दोनापेक्षा जास्त थर करू नयेत. ज्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यातून संच आपल्याकडे आला तो फेकू नये. साठवणीत आणि पुढे पाठवणीत, दोन्हीकडे तो उपयोगी पडतो.

आतल्या मालाचेही वय होते. ठोकळे एबीएस प्लास्टिकचे असतात आणि अतिनील प्रकाशाने पिवळे पडतात; पांढऱ्या, राखाडी आणि निळ्या रंगांवर हा परिणाम चटकन दिसतो. बंद खोक्यात प्रकाश पोहोचत नसल्याने ती काळजी कमी असते, परंतु स्टिकरांचा डिंक बंद खोक्यातही वाळतो. शिवाय काही वर्षांच्या उत्पादनातील तपकिरी आणि गडद लाल ठोकळे ठिसूळ होऊन जोडताना तडकतात, ही संग्राहकांत सर्वज्ञात गोष्ट आहे. ज्या संचात हे रंग मोठ्या प्रमाणात आहेत आणि स्टिकरांवरच त्याचे रूप अवलंबून आहे, असा संच दहापंधरा वर्षे धरून ठेवण्यास मी सुचवणार नाही.

क्षितिजरेषा

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबवही यांच्या उदाहरणाने माझी कल्पना बरीच बदलली. दोन शंका राहतात. माझ्याकडे जोडलेले पण सर्व भाग आणि माहितीपुस्तिका शाबूत असलेले काही जुने संच आहेत. त्यांना काही किंमत येते का? आणि दुसऱ्याच्या हातून सीलबंद संच घेताना तो अस्सल आहे याची खात्री कशी करावी?

सोनचाफा

जोडलेल्या संचांना किंमत निश्चित येते, आणि कित्येकदा ती लोकांना वाटते त्याहून बरी असते. ज्याला संच जोडून कपाटात मांडायचा आहे त्याला सीलसाठी जादा पैसे द्यायचे नसतात. त्याला सर्व भाग हवे असतात. भागांची यादी समोर ठेवून मोजणी करावी, गहाळ भाग ब्रिकलिंकवर सुटे घ्यावेत आणि मगच विक्रीस ठेवावे. २००० मध्ये सुरू झालेली ही सुट्या भागांची बाजारपेठ २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतली. तेथे प्रत्येक संचाच्या मागील सहा महिन्यांतील प्रत्यक्ष विक्रीचे भाव पाहायला मिळतात. विक्रेत्यांनी मागितलेला भाव आणि खरोखर मिळालेला भाव यांत मोठी तफावत असते. नेहमी दुसराच पाहावा.

मिनिफिगर, म्हणजे संचातील छोटी माणसे, वेगळ्या करून विकण्याचाही विचार करावा. एखादी व्यक्तिरेखा केवळ एकाच संचात आलेली असेल तर संचाच्या मूल्याचा मोठा वाटा त्या एका आकृतीत असू शकतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या मिनिफिगरच्या २०१३ मधील दहाव्या मालिकेत फक्त ५,००० प्रती निघालेला ‘मिस्टर गोल्ड’ हे या बाबतीतले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. मात्र आकृती काढून घेतलेला संच तसे स्पष्ट लिहूनच विकावा. हे न सांगणे ही सरळ फसवणूक आहे.

आता अस्सलपणा. अस्सल ठोकळ्याच्या प्रत्येक उंचवट्यावर लेगोचे नाव उमटलेले असते; नकली मालात ते नसते आणि आकृत्यांवरील छपाई फिकी किंवा किंचित सरकलेली दिसते. सीलबंद खोका उघडून पाहता येत नसल्याने तेथे अधिक दक्षता हवी. सर्व सीलांची जवळून काढलेली छायाचित्रे मागवावीत, सीलखालचा पुठ्ठा सोललेला आहे का आणि डिंकाचे दुहेरी ठसे दिसतात का ते पाहावे. ब्रिकलिंकच्या सूचीत संचांचे वजन दिलेले असते; विक्रेत्याला खोका काट्यावर ठेवून छायाचित्र पाठवण्याची विनंती करावी. जो विक्रेता एवढेही करायला तयार नसतो त्याच्याकडून महागडा संच घेऊ नये. भाव बाजारापेक्षा निम्मा असेल तर तपासणीतही वेळ घालवू नये.

औदुंबर

सोनचाफा यांनी जोडलेल्या संचांविषयी लिहिले ते फार मोलाचे आहे. माझ्याकडून विक्रीबाबत थोडी भर.

वर्षअखेरीच्या भेटवस्तूंच्या काळात मागणी सर्वाधिक असते, त्यामुळे विक्रीची तयारी त्याच्या महिनाभर आधी पूर्ण असावी. त्याच काळात दुकानांत सवलतीही असतात, म्हणजे जुने विकण्याचा आणि नवे घेण्याचा हंगाम एकच ठरतो. एकाच संचाच्या अनेक प्रती घेण्यापूर्वी कंपनीच्या स्वतःच्या दुकानाचे नियम वाचावेत. तेथे प्रत्येक ग्राहकाला किती नग मिळतील यावर मर्यादा असते. तो नियम योग्यच आहे असे माझे मत आहे, कारण ज्या मुलासाठी संच बनवला आहे त्याला तो दुकानात मिळायला हवा. आपण नुकताच आलेला, तुटवडा असलेला संच उचलू नये. ज्याचे उत्पादन संपत आले आहे आणि जो सवलतीत पडून आहे तो घ्यावा. तेथे भावही चांगला मिळतो आणि कोणाचा वाटा हिरावला जात नाही.

आपली रक्कम मर्यादित असल्याने मी सुचवेन की पहिल्या वर्षी वेगवेगळ्या विषयांवरचे पाचसहा लहान आणि मध्यम संच, किमान वीस टक्के सवलतीत, प्रत्येकी एकदोन प्रती असे घ्यावेत. खरेदीची पावती, तारीख आणि भाव यांची नोंद ठेवावी; नफ्यावरील कराचे नियम आपण राहता तेथील पाहावेत आणि घराच्या विम्यात विक्रीसाठी साठवलेला माल धरला जातो का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे. उत्पादन थांबल्यानंतर दोन वर्षांनी प्रत्यक्ष विक्रीचे भाव तपासावेत. तोवर संच आपल्या खरेदीच्या दीडपट झाला नसेल आणि त्याच विषयाची नवी आवृत्ती येण्याची चिन्हे असतील, तर आणखी वाट न पाहता तो विकून टाकावा.