तातडीने मदत हवी: गिटहबवर प्रोजेक्ट चढत नाहीये, उद्या सबमिशन

शेवटचं_सेम (रात्री ९:१२)
डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट पीएचपीत आहे, लायब्ररी मॅनेजमेंट. मॅडम म्हणाल्या झिप नको, पेनड्राइव्ह नको, गिटहबची (कोड ठेवायची साइट) लिंकच द्या. काल अकाउंट उघडलं, रेपो (प्रोजेक्टचं तिथलं फोल्डर) बनवली, व्हिडिओ थांबवत थांबवत सगळ्या कमांड मारल्या. शेवटची पुशची, म्हणजे कोड वर चढवायची, काही केल्या जात नाही. चार तास झालेत. उद्या ११ वाजता सबमिशन आहे, प्लीज कोणीतरी सांगा.

कोडगा (९:१८)
एरर काय येते?

शेवटचं_सेम (९:१९)
फेटल असं काहीतरी येतं. बाकी सगळं बरोबर केलंय मी.

कोडगा (९:२१)
फेटल तर शंभर कारणांनी येतं. जी ओळ दिसते ती अख्खी टाक, अर्थ सांगू नकोस.

बटाटेवडा_२० (९:२४)
ओळ कशाला हवी, नव्या माणसाचं नेहमीचंच आहे. भावा, तू पासवर्ड टाकत असशील. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कमांडवरून अकाउंटचा पासवर्ड घेतच नाही. सेटिंग्ज, तिथे अगदी खाली डेव्हलपर सेटिंग्ज, त्यात पर्सनल ॲक्सेस टोकन. क्लासिक घे, रेपोसमोर टिक कर. टोकन एकदाच दिसतं, पान बंद केलं की गेलं, म्हणून आधी कॉपी करून ठेव. पासवर्डच्या जागी ते पेस्ट कर.

टर्मिनलवाले_अण्णा (९:३१)
टोकन वगैरे लहान मुलांचे खेळ. ते संपलं की पुन्हा नवं काढा. एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी लॅपटॉपवर राहणारी किल्ली, एकदाच बनवायची, ईडी२५५१९ प्रकारची, पब्लिक भाग अकाउंटात चिकटवायचा आणि विसरून जायचं. मी कित्येक वर्षांत पासवर्ड टाइप केलेला नाही.

मोकळा_स्रोत (९:३४)
मुळात गिटहबच का? २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलं तेव्हाच मी सामान हलवलं. कोडबर्ग बघा, तशीच साइट आहे. बर्लिनची संस्था आहे, नफ्यासाठी चालत नाही. गिट हे कोडचे बदल नोंदवायचं साधन, गिट म्हणजे गिटहब नव्हे हे कॉलेजात शिकवतच नाहीत.

बटाटेवडा_२० (९:३६)
तिच्या/त्याच्या मॅडमना कोडबर्गची लिंक दिली तर व्हायवा तिथूनच सुरू होईल.

शेवटचं_सेम (९:४१)
भाऊ नाही, मुलगी आहे. टोकन बनवलं, पण टाकायचं कुठे? ते काही विचारतच नाही. एंटर मारला की लगेच ४०३, परवानगी नाही.

कोडगा (९:४३)
विचारत नाही? अगं, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. आता ती ओळ टाक, हात जोडतो.

निवांत_नानी (९:४५)
ब्रँचचं (कोडच्या शाखेचं) नाव मास्टर आहे की मेन ते बघा. ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोत मेन असते. माझ्या भाच्याची एक संध्याकाळ यातच गेली होती.

कोडगा (९:४६)
नानी, तेव्हा रेफस्पेकचं, म्हणजे त्या नावाची ब्रँच सापडत नाही असं गाऱ्हाणं येतं, ४०३ नाही.

शेवटचं_सेम (९:५२)
"परमिशन टू (माझं युजरनेम)/(रेपो) डिनाइड टू" आणि पुढे दादाचं युजरनेम आहे. त्याचं कुठून आलं? लॅपटॉप त्याचाच होता, पण आता दोन महिने माझ्याकडे आहे.

कोडगा (९:५५)
सापडलं. दरवाजावर तू उभी आहेस आणि ओळखपत्र दादाचं दाखवलं जातंय.

विंडोज आहे असं धरतो. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर (साठवलेली लॉगिन तिथे असतात), त्यात विंडोज क्रेडेन्शियल्स. तिथे गिटहबच्या नावाने नोंद दिसेल, सुरुवातीला गिट आणि पुढे पत्ता. ती काढून टाक. पुन्हा पुश केलंस की खिडकी उघडेल, ब्राउझरमधून साइन इन कर, टोकनसुद्धा लागणार नाही. ब्राउझरमध्ये दादा लॉगिन नाही ना, ते मात्र आधी बघ.

आणि थांब, पुशच्या आधी एक. "गिट कॉन्फिग युजर डॉट नेम" मारून बघ (रोमनमध्ये टाइप कर, मी मोबाइलवर देवनागरीत आहे). तिथेही दादाच असणार. तेव्हा नाव आणि ईमेल दोन्ही बदल. लॉगिन वेगळं आणि कमिटवरचं, म्हणजे नोंदवलेल्या बदलावरचं नाव वेगळं, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. झालेल्या कमिटवर जुनंच नाव राहतं. एकच कमिट असेल तर "गिट कमिट", पुढे दोन डॅश देऊन अमेंड, पुन्हा दोन डॅश देऊन रीसेट-ऑथर. एडिटर उघडला तर नुसता बंद कर. नाहीतर प्रोजेक्ट दादाने केला असं मॅडमना दिसेल.

टर्मिनलवाले_अण्णा (९:५९)
एसएसएच असतं तर ही वेळच आली नसती.

कोडगा (१०:०१)
आली असती, अण्णा. लॅपटॉपवर दादाची की असणार. एका खात्यात असलेली की दुसऱ्या खात्यात गिटहब घेत नाही, "ऑलरेडी इन यूज" म्हणतं.

टर्मिनलवाले_अण्णा (१०:०३)
मग नवी की काढायची, कॉन्फिगमध्ये वेगळा होस्ट लिहायचा. दहा मिनिटांचं काम.

कोडगा (१०:०४)
तुमची दहा मिनिटं. तिची पहाट होईल.

शेवटचं_सेम (१०:२६)
गेलं!!! थँक्यू दादा, म्हणजे तुम्ही. दादाला फोन केला तर म्हणतो, मला विचारायचं ना.
पण मैत्रिणीला लिंक पाठवली तर तिला ४०४ येतंय. पुन्हा काय झालं?

बटाटेवडा_२० (१०:२८)
रेपो प्रायव्हेट केलीस. ज्याला परवानगी नाही त्याला गिटहब "नाही" म्हणत नाही, पानच नाही असं दाखवतं. रेपोच्या सेटिंग्जमध्ये तळाशी डेंजर झोन, तिथे व्हिजिबिलिटी बदल. किंवा मॅडमचं युजरनेम मिळालं तर कोलॅबोरेटर म्हणून जोड, त्यालाही पैसे पडत नाहीत.

निवांत_नानी (१०:३१)
पब्लिक करायच्या आधी कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला नाही ना ते बघ, बाळा. फाइल नंतर काढली तरी जुन्या कमिटमध्ये तो राहतोच.

शेवटचं_सेम (१०:३३)
झॅम्पवर (लॅपटॉपवरच सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. युजर रूट, पासवर्ड रिकामा.

निवांत_नानी (१०:३४)
मग कर पब्लिक.