बायकांचं हृदय: दोष जीवनशैलीचा की घराचा?

तिठा: २९ सप्टेंबरला, जागतिक हृदय दिनी, ठरलेला उपदेश असतो. चाला, तेल कमी करा, ताण घेऊ नका. जगात सर्वाधिक बायका हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी दगावतात, आणि आपण सल्ला असा देतो की जणू बाईचा दिवस तिच्याच ताब्यात आहे. चुलीचा धूर फुप्फुसाशी थांबत नाही. त्यातले पीएम २.५ म्हणजे अतिसूक्ष्म कण रक्तवाहिन्यांना सूज आणतात, बीपी चढवतात. २०१६ला उज्ज्वला आली, सिलिंडर घरात आला. पण भरून आणायला पैसे नसले की चूल पेटतेच. अंघोळीच्या पाण्याला तर हमखास. यात तिची जीवनशैली कुठे आली?

सडेतोड: चूल मान्य. मशेरीचं काय? आमच्याकडे तव्यावर तंबाखू भाजून सकाळ-दुपार ओसरीवर बैठक बसते. कुणाची सक्ती नसते. बीपीची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद! सगळं परिस्थितीवर ढकललं की आपण बाईला अक्कलच नाही असं म्हणतो.

तिठा: पोरीच्या हाती मशेरी आईच देते, दात घासायला म्हणून. त्या वयात कसली अक्कल काढता?

वॉर्ड नं. ३: तुम्ही दोघं कारणांवर भांडताय, आम्हाला उशीर दिसतो. छातीत दुखतंच, पण बायकांमध्ये त्यासोबत, कधी त्याविनाही, दम लागणं, मळमळ, जबडा नाहीतर पाठ दुखणं जास्त आढळतं. घरचे म्हणतात पित्त. मागे एक मावशी आल्या, ईसीजीच्या क्लिपा लावताना मनगटावर पीठ वाळलेलं. दुखत असताना सगळ्यांच्या भाकऱ्या थापून निघाल्या होत्या. नवरा म्हणाला, "ती रोजच दमते."

सडेतोड: नवऱ्याला धरा, पण तुमच्या लोकांनाही धरा. गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर पुढे हृदयाला धोका जास्त. पन्नाशीच्या बाईला हे कोण विचारतं?

वॉर्ड नं. ३: फारसं कुणी नाही, खरंय.

तिठा: तिशीपुढच्यांचा फॉर्म आशाताई भरतात, त्यात तंबाखू आहे, स्वयंपाकाचं इंधनही आहे. पण इंधन विचारतात ते सीओपीडीसाठी, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजारासाठी. हृदयासाठीही धरा की!

सडेतोड: धरा. आमच्या आळीत तंबाखूच्या प्रश्नाला सगळ्या 'नाही' सांगतात, डबी कमरेला खोचलेली असताना.