'विधवा' शब्दातला 'धव'

'विधवा' या शब्दाची 'वि + धव', म्हणजे जिचा धव (पती) गेला ती, अशी फोड दिली जाते. ती परंपरेने मान्य असली तरी तुलनात्मक भाषाभ्यास घडण उलट क्रमाने सांगतो. लॅटिनमधील 'विदुआ', इंग्रजीतील 'विडो' आणि रशियनमधील 'व्दोवा' हे याच शब्दाचे सगोत्र, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून आलेले, असून त्यांत पतिवाचक 'धव' कुठेच नाही. आपल्याकडे आरंभीचा 'वि' उपसर्ग समजला गेल्यामुळे 'धव' हा शब्द मागाहून निघाला. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने 'निरुक्त' या आपल्या ग्रंथात ज्या अनेक व्युत्पत्ती दिल्या, त्यांत 'धव म्हणजे मनुष्य, त्याच्या वियोगामुळे विधवा' हीही आहे. पुढे 'सधवा' त्यातूनच घडला, आणि 'माधव' म्हणजे लक्ष्मीपती ही फोडही याच 'धव'वर उभी आहे. म्हणजे नवऱ्याचे नाव बाईच्या वियोगातून जन्मले, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

'विधुर' हे मात्र संस्कृतात व्याकूळ, वंचित अशा अर्थाचे साधे विशेषण होते. त्याला कोणताही सामाजिक दंड चिकटला नाही. विधवेच्या वाट्याला आलेल्या 'रांड' शब्दाची शिवी झाली. पत्रावरचे 'सौ.' जाऊन 'गं. भा.' (गंगा भागीरथी) आले, विधुराचे 'श्री.' मात्र तसेच राहिले. म्हणूनच २०२३ मध्ये 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव राज्यात पुढे आला तेव्हा त्याला झालेला विरोध मला योग्य वाटतो, कारण नवरा हयात नाही हे नावाआधी जाहीर करण्याची सक्ती त्यातही कायमच होती.